मजेची होडी

"यॉट पाहिजे, दाजी," साटम म्हणाले. "साधी होडी नको. यॉट."

वडील होड्या बांधायच्या मांडवात एका ओंडक्यावर बसले होते. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि विचारलं, "म्हणजे काय?"

रघुवीर साटम कणकवलीचे. कर्ली खाडीच्या तोंडाशी आमच्या वाडीला लागूनच त्यांनी माडांची बाग विकत घेतली होती आणि तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या होत्या. ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे पर्यटक हा शब्दसुद्धा नवा होता. समुद्र बघायला कुणी पैसे खर्चून येईल, हे वाडीत कुणाला खरं वाटत नव्हतं.

"म्हणजे फिरायची बोट," साटम म्हणाले. "माणसं बसतील, खाडीत चक्कर मारतील, सूर्य बुडताना बघतील आणि परत येतील."

"आणि येताना आणतली काय?"

"आणायचं काय? मजा करतील."

"मजा किनाऱ्यार बसान पण होता. तेका होडी कित्याक व्हयी?"

साटम हसले. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एक वल्हं रंध्याने साफ करत होते, मलाही हसू आलं. पण वडील हसले नाहीत.

"फायबरची मला कुणीही आणून देईल," साटम म्हणाले. "मला लाकडी हवी, आणि ती तुमच्या हातची हवी. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्याला विचारलं त्याने तुमचंच नाव घेतलं."

वडील उजवा हात मांडीखाली घालून बसले होते. त्यांनी खाडीकडे बघितलं. "माझी होडी मासे धरता," ते म्हणाले. "माल नेता, माणसां पार करता. खेळणां मी बांधणंय नाय. माका जमाचा नाय."

साटम चहा घेऊन गेले. ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी रंधा खाली ठेवला.

"दाजी, चालत इलेला काम कित्याक घालवलास?" मी विचारलं. आम्ही घरातलीही त्यांना दाजीच म्हणत असू.

"सांगलंय मा, जमाचा नाय."

माझा राग उगाच नव्हता. आमच्या घरात होड्या बांधायचं काम किती पिढ्या चाललं होतं ते कुणालाच सांगता येत नसे. पण फायबरच्या होड्या आल्या आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. त्यांना दरवर्षी तेल पाजायला नको, फटींत कापूस ठोकायला नको. मासेमारी करणारे गाबीत लोक एकेक करून तिकडे वळले. जाता-येता तोंड चुकवत, पण वळले. गेलं वर्षभर मांडवात नवी होडी उभी राहिली नव्हती. दाजी रोज सकाळी मांडवात जात, हत्यारं काढत, पाजळत आणि पुन्हा ठेवून देत.

मी तेव्हा जवळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शब्दकोशात यॉट शोधलं आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं, "दाजी, यॉटीक मराठीत क्रीडानौका म्हणतत."

"क्रीडानौका." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "ही कीर्तनात बरी दिसात. खाडयेत बुडतली."

आई चुलीपुढे होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "रवांदे गो. त्येंच्या पाठी लागा नको." मला वाटलं, नेहमीसारखी त्यांची बाजू घेतेय.

मला भाऊ नाही. लहानपणापासून मी मांडवातच असायची. मुलगी म्हणून दाजींनी मला कधी हाकललं नाही. फटींत कापूस ठोकणं, भोकं पाडणं, तेल देणं, हे सगळं मी करत होते. वल्ही तर पूर्णपणे माझीच. वल्ह्यापुरता वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, तोही माझ्या हातात येई. पण होडीच्या फळीला वाकस लावायचा तो दाजींनीच. तसा नियम कुणी सांगितला नव्हता, पण तो होता.

*

त्याच आठवड्यात आमच्या वाडीच्या मच्छीमारांनी एक परदेशी शिडाची होडी ओढत खाडीत आणली. पांढऱ्या केसांची एक उंच बाई ती एकटीच घेऊन गोव्याहून मुंबईकडे निघाली होती. रात्री वारा पडला, ओहोटीच्या ओढीने होडी खडकांकडे गेली आणि खालून आपटली. बंदरावरचे लोक येऊन तिची कागदपत्रं बघून गेले आणि दुरुस्ती होईपर्यंत राहा म्हणाले. बाईचं नाव मार्गा. ती हॉलंडची. संध्याकाळपर्यंत वाडीने तिची मार्गाबाय केली होती.

होडी लाकडी होती. भरतीला ती वाळूवर चढवली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले, आणि पाणी उतरल्यावर दाजींना बोलावणं आलं. दुभाष्या म्हणून मीही गेले.

दाजींनी आधी होडीला एक पूर्ण फेरी घातली. पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत डाव्या हाताने फळ्या चाचपत गेले. मार्गाबाय त्यांच्या मागून चालत होती. एकीकडे तळाजवळची फळी फुटली होती, आत हात जाईल एवढी.

"कोणी बांधली, विचार तिका."

मी विचारलं. "माझ्या गावातल्या एका सुताराने," ती म्हणाली. "आता तो नाही."

"मेस्त बरो होतो म्हणान सांग."

मी सांगितलं. तिने मान झुकवली, जणू तिच्याच घरातल्या कुणाचं कौतुक झालं होतं.

"आता विचार, ही होडी घेवन ती धरता काय?"

"काही धरत नाही," मार्गाबाय म्हणाली.

"माल नेता?"

"नाही."

"मगे कित्याक फिरता?"

यावर तिने थोडा विचार केला. "मला आवडतं म्हणून," ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा दाजींनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला काम सुरू करायचं ठरलं.

फुटलेली फळी काढणं मला सोपं गेलं. मांडवात सागवानाची एक जुनी, चांगली मुरलेली फळी होती. ती आम्ही वाळूवर आणली. दाजींनी फुटक्या फळीचं माप त्या फळीवर धरलं, कानामागची पेन्सिल काढली आणि रेघ ओढली.

रेघ वाकडी आली.

नुसती वाकडी नव्हे, पाण्यावर वारा फिरावा तशी थरथरत गेलेली. दाजींनी अंगठ्याला थुंकी लावून ती पुसली आणि पुन्हा ओढली. पुन्हा तशीच आली. ज्या माणसाची रेघ बघायला लांबून सुतार यायचे, त्या माणसाची ती रेघ होती. पेन्सिल त्यांच्या बोटांत नाचत होती. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी ती थांबली नाही.

मार्गाबायने एकदा बघितलं आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, जणू तिथे काही दिसत होतं.

दाजी वाळूवर बसले. पेन्सिल माझ्यापुढे धरली. "बाय, तू ओढ."

मी रेघ ओढली. ती सरळ आली.

"आता वाकस घे."

"फळयेक? मी?"

"मगे कोण? मार्गाबाय?"

मी वाकस उचलला. वल्ह्याचं लाकूड आणि होडीची फळी यांत फार फरक असतो. वल्हं चुकलं तर दुसरं करता येतं. फळी चुकली तर माणसं बुडतात. पहिले काही घाव मी घाबरत घातले. दाजी फळीचं दुसरं टोक पायाने दाबून बसले होते. ते माझ्या हातांकडे बघत नव्हते. डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

"जड पडलो," ते मध्येच म्हणत. "हलको घे. लाकूड खंय जाता तां बघ. तेच्या वांगडा जा."

ऊन चढेपर्यंत फळीला आकार आला. मग खाली जाळ करून, वरून पाणी शिंपडत, फडकी गुंडाळत आम्ही ती हळूहळू वाकवली. मार्गाबायने बाह्या सरसावून टोक धरलं. फळी जागेवर बसली तेव्हा दाजींनी सांध्यावरून बोट फिरवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कापूस कमी लागतलो," ते म्हणाले. यापेक्षा जास्त ते कधी कुणाला म्हणाले नव्हते.

*

आईने वाळूवरच चहा आणून दिला. होडीच्या सावलीत आम्ही चौघं बसलो. दाजींनी कप डाव्या हातात घेतला होता. त्यांचा मूड बरा दिसला म्हणून मी बोलले, "दाजी, ही असता ती यॉट. साटमांका व्हयी ती."

'यॉट' हा शब्द कानावर पडताच मार्गाबायने वर बघितलं. "तो आमचा शब्द आहे," ती म्हणाली. "इंग्रजांनी आमच्याकडून घेतला. आम्ही यख्त म्हणतो." तिने तो घशातून, खाकरल्यासारखा म्हटला. आईला हसू आवरेना.

"अर्थ काय?" दाजींनी विचारलं.

मार्गाबायने कप वाळूत ठेवला. "शिकार," ती म्हणाली.

मी सांगितलं तसे दाजी माझ्याकडे बघत राहिले. "बरोबर विचारलंस मा?"

मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी त्यांच्या किनाऱ्यावर चाच्यांचा उपद्रव होता. चाच्यांच्या होड्या हलक्या आणि वेगवान, त्यांच्या मागे जायला तशाच हलक्या आणि वेगवान होड्या हव्या होत्या. म्हणून शिकारी होड्या बांधल्या. यख्त म्हणजे पाठलाग, यख्त म्हणजे शिकार. पुढे तसली एक होडी त्यांच्या लोकांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. राजाला कुणाचा पाठलाग करायचा नव्हता. तो नुसता फिरत राहिला, आणि त्याला ते इतकं आवडलं की त्याच्या लोकांनाही तशाच होड्या हव्याशा झाल्या. शिकार राहिली बाजूला, शब्द तेवढा राहिला.

दाजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "वेंगुर्ल्याक हेंचीच वखार होती मा?"

"होय. डचांची."

"म्हणजे हेंच्या शिकारी होडयो हय पण इल्यो असतल्यो." दाजींच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "आणि आमचे पणजे गलबतां बांधी होते. म्हणजे हे आमच्याच पाठसून धावत होते. विचार तिका, कोण गावलो काय?"

मी विचारलं. मार्गाबाय गंभीरपणे म्हणाली, "मी तुमच्या खाडीत शिरले. काय झालं ते तुम्ही बघताच आहात."

मी ते मराठीत सांगितलं, आणि दाजी हसले. असे हसले की कप हातातून निसटला आणि चहा वाळूत गेला. वर्षभरात मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मार्गाबायही हसत होती. आई पदराने डोळे पुसत होती.

हसणं थांबल्यावर दाजी थोडा वेळ फुटक्या फळीचे तुकडे न्याहाळत बसले. मग म्हणाले, "आणखी एक विचार. शिकारीची होडी मजेची झाली. तिका कमीपणा इलो काय?"

मला तो प्रश्न इंग्रजीत कसा विचारावा ते कळेना. शेवटी मी विचारलं, होडीला वाईट वाटलं असेल का, म्हणून.

मार्गाबायला मात्र तो बरोबर कळला असावा. तिने दाजींच्या उजव्या हाताकडे बघितलं नाही, पण उत्तर द्यायला वेळ घेतला. "होडीला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "पण ती अजून तरंगते आहे."

घरी येताना मी आईला वाटेत थांबवलं. "कधीपासून?"

"गेल्या पावसापासून," आई म्हणाली. "आधी बोटां, मगे मनगट. ओरोसच्या डॉक्टराक दाखवलेलो. तेना सांगल्यान, कमी होवचा नाय. तुका सांगूचा नाय म्हणान माका शपथ घातलेली." "ते साटमांका कसे काय हो म्हणतले होते? तोंडान खेळणां म्हणाले आणि हात मांडयेखाली घातल्यानी."

तेव्हा मला कळलं. ते होडीला नाही म्हणाले नव्हते. मी इतके दिवस मांडवात त्यांच्याशेजारी बसत होते, आणि मला त्यांचा हट्ट तेवढा दिसला होता.

*

मार्गाबायची होडी रंगवून झाली त्या दिवशी दाजींनी साटमांना निरोप पाठवला. ते वाळूवरूनच चालत आले.

"बांधतलंय," दाजी म्हणाले. "पण हात हिचो. मी बाजूक बसतलंय."

साटमांनी माझ्याकडे बघितलं. चांगले गृहस्थ होते, तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. "तुमची मुलगी हुशार आहे, दाजी," ते म्हणाले. "पण मला तुमच्या हातची..."

"माझो हात बघूचो आसा?" दाजींनी उजवा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. भर उन्हात, सगळ्यांसमोर. तो हलत होता. आई वाटेतच थबकली.

"आता हिचो बघा," दाजी म्हणाले. "ही होडी खडकार फुटलेली. एक फळी नवी घातली. खयची ती सांगा."

साटम होडीजवळ गेले. वाकून बघितलं, बोटं फिरवली, पलीकडच्या बाजूला जाऊन आले. शेवटी नाळेजवळच्या एका फळीवर हात ठेवून म्हणाले, "ही?"

"ती हॉलंडातली," दाजी म्हणाले.

साटम सरळ उभे राहिले. रुमालाने हात पुसला. "कधी सुरू करता?" त्यांनी विचारलं. पण विचारलं ते दाजींना नव्हे, मला.

मार्गाबाय पुढच्या मोठ्या भरतीला निघाली. जाताना तिने दाजींचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरला. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "यख्त." आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत छोट्या होडीतून तिच्यासोबत गेलो आणि खडक कुठे आहेत ते दाखवलं.

साटमांची होडी उभी राहायला दिवाळी उलटून होळी आली. शाळा सुटली की मी मांडवात. सुट्टीत दिवसभर. दाजी ओंडक्यावर बसून असत. आकार त्यांनी ठरवला. आडवी बैठी बोट त्यांना नको होती. जुन्या गलबतासारखी पुढे झुकलेली नाळ त्यांना हवी होती. "बसणारे मजा करूंदेत," ते म्हणायचे. "होडी धावणारी व्हयी." आमची भांडणं पुष्कळ झाली. एकदा मी वाकस टाकून निघून गेले, एकदा ते. पण खोटं काम त्यांनी एकदाही चालवून घेतलं नाही आणि खरं काम एकदाही मोडायला लावलं नाही. येणारे-जाणारे आधी थांबून बघत, मग हळूहळू मला प्रश्न विचारू लागले. त्यानंतर मी किती होड्या बांधल्या याचा हिशोब ठेवलेला नाही. शाळेतली नोकरी पुढल्याच वर्षी सोडली.

ज्या दिवशी साटमांची होडी पाण्यात लोटायची होती, त्या दिवशी नारळ फोडला, नाळेला कुंकू लावलं, आणि वाडीतले सगळे खांदे लागले. होडी पाण्यात उतरली ती सरळ. दाजींनी पाण्याची रेघ बघितली, ती जिथे हवी तिथेच होती. साटम आपल्या माणसांना घेऊन दुसऱ्या दिवशी यायचे होते. तेव्हा पहिली फेरी आमचीच. मी वल्ही घेतली, दाजी नाळेकडे चढायला लागले.

नवी होडी पाण्यात गेली की दाजींचं काम असे. वाकून तळ बघायचा, कुठे पाणी झिरपतं का ते चाचपायचं, सांध्यांना कान लावायचा. तसे ते खाली वाकले, सगळीकडे बघून आले. कुठेच थेंब नव्हता. करायला काही उरलं नाही, तेव्हा ते पर्यटकांसाठी केलेल्या बाकावर जरा अवघडूनच बसले.

आम्ही खाडीत आलो. संध्याकाळ होत होती. दोन्ही काठांवरचे माड आणि मध्ये पाणी, बाकी काही नाही. मी हळूहळू वल्हवत होते. दाजी आधी ताठ बसले होते, मग मागे रेलले. जन्मभर त्यांनी होड्या बांधल्या, दुरुस्त केल्या, चाचणीला नेल्या. पण हातात काही न घेता ते होडीत कधी बसल्याचं मला आठवत नाही. त्यांचा उजवा हात कठड्यावरून खाली गेला होता, बोटं पाण्यात होती. पाण्यात तो थरथरतोय की होडीच्या चालीने हलतोय, ते सांगता येत नव्हतं.

समुद्राचं तोंड दिसू लागलं तेव्हा मी विचारलं, "दाजी, वळवू?"

त्यांनी मान वळवली नाही.

"कित्याक?" ते म्हणाले. "आपणांक खंय काय धरूचा आसा?"